स्थळासाठीचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि चेहऱ्याची 'सफाई'

मृणाल_नाशिक

नणंदेच्या मुलीसाठी स्थळं बघणं सुरू झालंय. सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. बायोडाटासाठी स्टुडिओत जाऊन फोटो काढले: साडीतला एक, ड्रेसमधला एक, एक क्लोजअप. फोटो घरच्या ग्रुपवर पडले आणि लगेच 'गोड', 'अगदी हिरॉइन', बदाम, टाळ्या सुरू झाल्या. मी क्लोजअप मोठा करून बघितला. हनुवटीच्या डाव्या बाजूचा तीळ गायब. रंग दोन छटा वर. गाल आत घेतलेले. आमच्या सासरच्या सगळ्या बायकांचं नाक एकाच साच्यातलं आहे, टोकाला जरा रुंद. ते तासून सरळ केलंय. स्टुडिओला यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं. 'सफाई' पॅकेजमध्येच असते म्हणे.

मुलगी तेव्हा काही बोलली नाही. नंतर एकदा फोनवर सहज विचारावं तसं तिने विचारलं, "मामी, तीळ काढायला किती खर्च येतो गं?"

त्या तिळाबद्दल तिने आजवर चकार शब्द काढला नव्हता. जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठं, त्यातल्या मॉडेल यांवर आपण इथे भरपूर बोललोय. ते परके चेहरे असतात, 'सगळं खोटं' म्हणून पान उलटता येतं. इथे तर तिची तुलना तिच्याशीच लावून दिली आहे, आणि तीही तिला न विचारता. मला हा प्रकार जास्त वाईट वाटतो. तुमचे अनुभव लिहा. फोटोग्राफीच्या धंद्यातलं कुणी असेल तर हे नक्की कसं चालतं तेही सांगा.

---

खमंग_थालीपीठ

+१. माझ्या हळदीच्या फोटोंत तोंडाला हळद आहे, बाकीची मी पांढरीफटक. सासूबाईंचे पिकलेले केस तसेच ठेवले आणि सुरकुत्या मात्र सगळ्या पुसल्या, त्यामुळे त्या अल्बमभर वेगळ्याच कुणीतरी दिसतात. त्यांनी स्वतः अल्बम बघून विचारलं होतं, "ही कोण, तुझी मावशी का?"

---

डार्करूम

आमचा सांगलीत स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. जरा सविस्तर लिहितो.

रिटचिंग काही काल आलेलं नाही. म्युनिकचा फोटोग्राफर फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह लोकांना दाखवली होती. आमचे वडील निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करायचे. आधी मीडियम चोळायचं, म्हणजे फिल्मवर शिसं धरतं. मग मागून उजेड येणाऱ्या तिरक्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून, भिंगातून बघत, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके भरत जायचं. वांग किंवा सुरकुती निगेटिव्हवर फिकी दिसते, तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये तो भाग उजळतो. एका चेहऱ्यावर बराच वेळ जायचा, त्यामुळे हात आपोआप आखडता राहायचा. शिवाय ज्याचा फोटो, तो माणूस वडिलांनी समोर स्टुलावर बसवलेला असायचा. गावातलाच. त्याचा तीळ पुसला तर तो विचारायला येणार हे माहीत असायचं.

आता एका लग्नाचे हजारोंनी फोटो निघतात, त्यातले काही शे अल्बमला जातात. कातडीचा रंग पकडून गुळगुळीत करणारं प्लगइन एका फोटोवर बसवायचं आणि मग सगळ्यांवर एकदम चालवायचं. त्याला तीळ आणि पुरळ यांतला फरक कळत नाही, दोन्ही डागच. मग लिक्विफाय (आकार ताणायचं-दाबायचं टूल) घेऊन दंड, कंबर, जबडा बारीक करायचा. अल्बमचं डिझाइन बरेच जण बाहेर देतात, पानावर पैसे. तो पोरगा दुसऱ्याच गावात बसलेला असतो, त्याने नवरी बघितलेली नसते. त्याला तिळाचा काय पत्ता?

रंगाचंही सांगतो. नवरीचा मेकअप बहुतेक वेळा तिच्या रंगापेक्षा उजळ केलेला असतो, त्यात फ्लॅशने चेहरा आणखी पांढरा मारतो. मान आणि हात मूळ रंगाचे. एडिटिंगला बसलं की हे दोन रंग जुळवावे लागतात. इतक्या वर्षांत मी एकाही स्टुडिओत चेहरा हातांच्या रंगाला आणलेला बघितला नाही. हातच वर नेतात.

आणि तक्रार? सफाई केली म्हणून आमच्याकडे कधी आली नाही. केली नाही म्हणून येते. "पार्लरला एवढे पैसे घातले आणि फोटोत काळी आली." हे बहुतेक वेळा नवरी म्हणत नाही, तिची आई किंवा आत्या म्हणते. नवरी बाजूला मोबाइल बघत उभी असते.

---

निवांत_नाना

एवढं काय त्यात? राजेरजवाड्यांचे चित्रकारसुद्धा धन्याला देखणंच रंगवायचे. अल्बम म्हणजे आठवण, त्यात माणूस जरा बरा दिसला तर बिघडलं कुठे? (दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

---

खमंग_थालीपीठ

दिवे घेतले नाना, तेल तुम्ही घाला. तुमच्या बायोडाटाच्या फोटोत नाक कुणी तासलं होतं का तेवढं सांगा.

---

डॉ_शलाका

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मृणालताई, तुमच्या भाचीचा प्रश्न माझ्या ओपीडीतला नेहमीचा आहे. पूर्वी मुली नटीचा फोटो घेऊन यायच्या. आता स्वतःचाच आणतात, फिल्टर लावलेला, आणि म्हणतात अशी कातडी हवी. २०१८ मध्ये बॉस्टनच्या त्वचातज्ज्ञांनी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरच्या भावंड-नियतकालिकात यावर लेख लिहिला आणि 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' हे नाव सगळीकडे झालं. हे अधिकृत निदान नाही. अधिकृत आजार आहे तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर: दुसऱ्याला धड दिसतही नाही अशा खोटीवर माणूस दिवसाचे तासन् तास घालवतो, पुन्हा पुन्हा आरसा बघतो किंवा आरसाच टाळतो. अशा पेशंटला लेसर करून समाधान मिळत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. फिल्टर वापरणाऱ्या प्रत्येकीला तो होतो असा अर्थ कृपया काढू नका.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात नाकाचा एक मजेदार हिशोब आला होता. चेहऱ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनने काढलेल्या फोटोत नाक, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या मानाने साधारण ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेरा जवळ असला की नाक त्याला कानांपेक्षा फारच जवळ पडतं, एवढंच कारण. मी हे पेशंटना प्रत्यक्ष करून दाखवते. नर्सला सहा पावलं लांब उभं करून फोटो काढायला लावते आणि शेजारी त्यांचा सेल्फी ठेवते. काही जणी तिथेच हसतात आणि विषय संपतो. काहींचा संपत नाही.

रंध्रांबद्दल: ती केसांची आणि तैलग्रंथींची तोंडं आहेत. प्रत्येकाला असतात आणि 'बंद' होत नाहीत. फिल्टरमध्ये ती नसतात, म्हणून ती दिसणं हाच रोग वाटायला लागलाय.

यापेक्षा मोठी काळजी मला मलमांची आहे. फोटोसारखा रंग हवा म्हणून मैत्रिणीने सांगितलेली, मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची मलमं. सुरुवातीला चेहरा खरंच नितळ होतो, म्हणूनच तर फसायला होतं. मग कातडी पातळ, लाल, उन्हात आग, पुरळ, ओठांवर लव. थांबवलं की भडका उडतो, म्हणून पुन्हा तेच मलम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातातच.

तिळाचं: आकार वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय असं काही असेल तर लगेच दाखवा. नसेल तर फोटोशी जुळावं म्हणून काढायच्या भानगडीत पडू नका. आपल्या कातडीवर काळा डाग मागे राहू शकतो, आणि जबड्याची कड ही केलॉइड (व्रणावर वाढणारी जाड गाठ) धरण्याची जागा आहे. तिळाच्या जागी कायमचा उंचवटा घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

---

वसुधा_काकू

माझं मत इथे कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. मी मुलीचा फोटो उजळ करून घेतला होता. स्टुडिओवाल्याला मीच सांगितलं होतं. ती सावळी आहे, एम.कॉम. आहे, स्वभावाने लाख आहे. साधा फोटो पाठवला तेव्हा पत्रिका जुळत नाही असं उत्तर यायचं. पत्रिका न मागवताच! दुसरा पाठवल्यावर निदान बघायला यायला लागले. एकदा माणसं घरात आली की बोलतात, पोरीची हुशारी दिसते. दार उघडायला जे करावं लागलं ते मी केलं. ज्यांच्या घरी गोऱ्या मुली आहेत त्यांनी तत्त्वं सांगू नयेत.

---

सायंतारा

काकू, तुमचा राग समजतो. मी त्या दाराच्या आतली मुलगी होते, म्हणून लिहिते.

माझाही फोटो असाच केला होता. मंडळी बघायला आली, मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि मुलाच्या आईने आधी माझ्याकडे, मग पर्समधून काढलेल्या बायोडाटाकडे बघितलं. "फोटोत जरा वेगळी वाटली होती." एवढंच म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. साध्या फोटोवर नकार आला असता तर तो पोस्टाने आला असता, मला कळलाही नसता. हा माझ्या समोर, आमच्याच सोफ्यावर बसून आला. आणि त्यांनी मला फसवणारी ठरवलं. फोटो कुणी एडिट केला हे विचारायला त्या थोड्याच थांबणार होत्या!

त्यानंतर कित्येक महिने मी कुठल्याही फोटोत मागच्या रांगेत उभी राहायचे. पुढे माझं लग्न ऑफिसमधल्या मित्राशी झालं, त्याने मला रोज ट्यूबलाइटच्या उजेडात बघितलेलं होतं.

एका मोठ्या विवाह संकेतस्थळावर २०२० च्या जूनपर्यंत त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळायची सोय होती, ती परदेशातल्या भारतीय मुलींनी ओरडा केल्यावर काढली. त्याच सुमाराला १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. आमच्या आत्या अजून दुकानात जुनंच नाव सांगतात आणि दुकानदार बरोबर ट्यूब काढून देतो.

---

वसुधा_काकू

सायंतारा, हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे असं कुणी बोललं नाही, निदान तोंडावर तरी. मुलीला मात्र मी कधी विचारलं नाही की तुला तो फोटो चालतोय का. आज विचारते.

---

रीलवाली

मी १९ वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळ्यात लहान. सगळे फिल्टर वाईट असं म्हणू नका ना. कुत्र्याचे कान लावून कुणाचा आत्मविश्वास जात नाही. आणि खरं सांगू? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त ब्युटी मोड आमच्या आया आणि मावश्या वापरतात. आईचा डीपी बघून कॉलेजातल्या मैत्रिणीने विचारलं होतं की ही तुझी ताई का. आई आठवडाभर खूश होती.

मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या फिल्टरांची. २०२३ मध्ये टिकटॉकवर 'बोल्ड ग्लॅमर' फिल्टर आला होता. टिकटॉक भारतात २०२० पासूनच बंद, तरी त्याचे व्हिडिओ रील्समधून इकडे आलेच. आधीच्या फिल्टरमध्ये तोंडासमोर हात नेला की फिल्टर हलायचा, कळायचं. त्यात काहीच हलत नव्हतं. तेव्हापासून मी कुणाचीही त्वचा बघून 'काय लावतेस' विचारणं सोडून दिलंय.

माझ्या मैत्रिणीने फोन बदलला तेव्हा नव्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ब्युटी मोड नव्हता. तिला वाटलं ती आजारी दिसतेय. तिने खरंच रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन उत्तम निघालं.

---

बिटबाइट

रीलवालीचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बऱ्याच फोनमध्ये हा मोड कंपनीकडूनच चालू येतो. बंद कुठून करायचा ते मेन्यूत आत दडलेलं असतं, आणि बंद केला तरी काही फोन थोडी गुळगुळीत करामत चालूच ठेवतात. म्हणजे बाईने फिल्टर 'लावलेला' नसतोच, तो आधीच लागलेला असतो आणि तिला तो आपला चेहरा वाटतो. गूगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये हे मुळात बंद ठेवायला सुरुवात केली आणि 'ब्युटी' असले शब्दही पर्यायांतून काढले. बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

तंत्र साधं आहे. सॉफ्टवेअर चेहऱ्यावर खुणेचे बिंदू पकडतं, मग डोळे मोठे, नाक आणि जबडा अरुंद, ओठ भरीव, आणि वरून कातडीचा पोत पुसायचा. कुणाचाही चेहरा घाला, माप तेच. हे माप कुठून येतं ते २०१७ मध्ये एकदा उघडं पडलं होतं. 'फेसॲप'चा आकर्षक दिसण्याचा फिल्टर लोकांना चक्क गोरं करत होता. ज्या चेहऱ्यांवर तो शिकवला होता त्यांतच खोट होती असं सांगून कंपनीने माफी मागितली.

इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा परिणाम दाखवणारे फिल्टर काढले आणि १४ जानेवारी २०२५ ला बाहेरच्यांनी बनवलेले सगळेच बंद केले. शेवटचं केलं ते स्त्रियांच्या काळजीपोटी नव्हे, ते तंत्र गुंडाळायचं ठरलं म्हणून. त्यांच्या स्वतःच्या संशोधनात काय निघालं होतं ते २०२१ मध्ये कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा जगाला कळलं: शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं.

---

निवांत_नाना

बायकोच्या फोनमधला तो मोड आत्ता बंद करून बघितला. फोन माझ्यावर फेकण्यात आला आहे. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

---

ओस्लोकर

एडिट केलेल्या फोटोंवर कायदे काय आहेत ते कुणी लिहिलं नाही, म्हणून नॉर्वेतून लिहितो. इथे १ जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार, माप किंवा त्वचा बदलली असेल तर चित्रावर सरकारने ठरवलेला शिक्का टाकावा लागतो. पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही तो लागू आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलला बारीक किंवा जाड केलं तर 'रिटच केलेला फोटो' असं लिहावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरोंपर्यंत दंड.

उपयोग? ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मारिका टिगमन यांनी अशा सूचनांवर बरेच प्रयोग केले आहेत. सूचना वाचूनही बायकांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान काही कमी होत नाही, असंच त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं. खोटं आहे हे डोक्याला कळतं, तुलना व्हायची ती होतेच. मला तरी शिक्क्याचा फायदा एवढाच दिसतो की जाहिरातदारांना तो टाकायची लाज वाटते, म्हणून काही जण एडिटिंगच कमी करतात.

आणि मृणालताईंच्या भाचीला यातला एकही कायदा लागू नाही. जाहिरात नाही, मॉडेल नाही, घरच्यांनी पैसे देऊन काढलेला फोटो.

---

लेकीची_आई

मुलगी तेरा वर्षांची. ओस्लोकर म्हणतात ते घरात अनुभवलंय. "हे सगळं एडिट केलेलं असतं" हे माझं वाक्य तिला पाठ आहे, माझ्या आधी तीच पूर्ण करते, आणि तरी फोटो काढताना तोंड डावीकडे वळवते, कारण उजवी बाजू 'वाईट' आहे. बोलून काही झालं नाही. थोडा फरक पडला तो आईकडचे जुने अल्बम काढल्यावर. माझ्या आजीचे पुढे आलेले दात, माझे तारुण्यपीटिकांनी भरलेले दहावीचे फोटो, मामाचं प्रचंड कपाळ. कुणी काही पुसलेलं नाही. आपली उजवी बाजू पणजीसारखी आहे हे तिचं तिलाच दिसलं. आवडली असं म्हणणार नाही. "बापरे, सेम" म्हणाली.

---

मृणाल_नाशिक

सगळ्यांचे प्रतिसाद भाचीला वाचायला दिले. डॉ. शलाका, नाकाचा प्रयोग तिने रूममेटला उभं करून केला, दोघींचीही नाकं सुधारली. तिळाचा विषय तूर्त थांबलाय. स्टुडिओकडे मूळ फोटो मागितले तर "तसे देत नाही" म्हणाले. डार्करूम, असं असतं का? पुढच्या वेळी नेमकं काय सांगायचं?

---

डार्करूम

रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) बहुतेक जण देत नाहीत, ते एक वेळ समजू शकतो. पण एडिट न केलेली जेपेग द्यायला काही हरकत नसते. परत जा आणि "पुन्हा एडिट करून द्या" असं म्हणा, मूळ फाइल त्यांच्याकडे असतेच. फोटो ज्याचा आहे त्या व्यक्तीने स्वतः जावं, आई-मावशीने नाही. त्याने फरक पडतो.

सांगायचं असं: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढा. पुरळ, ओठ फाटलेला, झोप न झाल्याची सूज. जे राहणार आहे त्याला हात लावू नका. तीळ, व्रण, नाक, जबडा, रंग. रंग जुळवायचाच असेल तर मानेवरून जुळवा, चेहऱ्यावरून नको. लग्नाचं काम असेल तर हे ॲडव्हान्स देतानाच कोटेशनवर लिहून घ्या आणि अल्बम बाहेर जाणार असेल तर हीच चिठ्ठी डिझायनरकडे जाईल असंही लिहून घ्या. छपाईला जाण्याआधी नवरीने पानं बघून ओके करायची. छापून आल्यावर काही होत नाही.

---

खमंग_थालीपीठ

सासूबाईंना सुरकुत्या परत हव्या आहेत. दहा वर्षांपूर्वीचा अल्बम आहे, स्टुडिओ आता बंद झालाय. होईल का काही?

---

डार्करूम

हार्ड डिस्क कुणाकडे तरी असेल, आधी ती शोधा. मालकाचं नाव विपुत (माझ्या पानावर निरोप टाकून) कळवा, त्या भागातल्या फोटोग्राफर संघटनेत विचारून बघतो.